बोलक्या बाहुलीचा नवशिक्यांचा संच: बाहुली चालेल, पुस्तिका नाही

ऑनलाइन हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळणारा शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीच्या तोंडून बोलण्याच्या कलेचा, हा संच. खोक्यात तीन वस्तू निघतात: दोन फुटी मऊ बाहुली, तिच्या हाताला लावायची तारेची काडी आणि २४ पानांची इंग्रजी पुस्तिका. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावासारखी आत कळ असलेली, कठीण डोक्याची बाहुली हवी असेल तर ही ती नव्हे. हिच्या पाठीतून हात घालून बोटांनी तोंड हलवायचं. नवशिक्याला तेच बरं, कळ ओढण्यापेक्षा अंगठा खाली नेणं लवकर जमतं.

आधी पुस्तिकेबद्दल, कारण खरं नुकसान तीच करते. ओठ न हलवता निघत नाहीत अशी सहा अक्षरं ती देते: बी, एफ, एम, पी, व्ही, डब्ल्यू. बी-ऐवजी डी म्हणा, पी-ऐवजी टी म्हणा, असा तिचा सल्ला. इंग्रज माणसाला तो चालतो. आपण मात्र डी वाचला की ड म्हणतो आणि टी वाचला की ट. मग ‘बाबा’चं ‘डाडा’ होतं, ‘पाणी’चं ‘टाणी’, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ते खटकतं. ड-ट म्हणताना जीभ टाळूकडे वळते. तो आवाज कुठल्याही अंगाने ब-पसारखा लागत नाही. त्याऐवजी द आणि त हवेत.

ज्याने शाळेत वर्णमाला पाठ केली त्याला पुस्तिकेची गरजच नाही. क, च, ट, त या चारही ओळी ओठ मिटल्याशिवाय निघतात. अडते ती फक्त पाचवी ओळ, प-फ-ब-भ-म, आणि पुढचा व. आणि उपाय बरोबर वरच्या ओळीत, त्याच त्या घरात बसलाय: प-साठी त, फ-साठी थ, ब-साठी द, भ-साठी ध, म-साठी न. इंग्रजी पुस्तिकेत भ-ध हा विषयच नाही, त्यामुळे ‘भाकरी’ कशी म्हणायची हे ती कधीच सांगणार नाही.

नुसतं अक्षर बदलून मात्र भागत नाही. जिभेचं टोक नव्हे, पुढचा रुंद भाग वरच्या दातांच्या मागे हलकेच टेकवायचा, मनात ब धरायचा आणि द सोडायचा. दाब जास्त पडला की चक्क ‘द’ ऐकू येतो. हलका, झटकन सुटला की कान त्याला ब म्हणून घेतो. म-साठी न म्हणताना आवाज क्षणभर नाकात घुमू द्यावा. व सगळ्यात चिवट. खालचा ओठ दातांना न लावता ‘उअ’ असं आतून काढायचं, तेही ओठांचा चंबू न करता, जीभ मागे ओढून. उ आणि ओ यांचंही तेच. तोंडाची बैठक साधी आहे: दात जेमतेम टेकलेले, ओठांत तीन-चार मिलिमीटर फट, गालावर किंचित हसू. हसू ताणलं की दहा मिनिटांत जबडा दुखतो आणि आवाज चिरकतो.

सरावाला खान्देशचा नकाशा पुरेसा आहे. साक्री, शहादा, एरंडोल, धुळे इथून सुरुवात करावी. ओठांचं व्यंजन एकही नाही, फक्त धुळ्यातला उ आणि एरंडोलमधला ओ सांभाळा. दुसऱ्या आठवड्यात एकेक अडथळा: जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, पाचोरा. नवापूर, नंदुरबार, भुसावळ सगळ्यात शेवटी. ‘भुसावळच्या वांग्याचं भरीत’ हे ज्याला स्थिर ओठांनी जमलं त्याने खुशाल गणपती मंडळाची तारीख घ्यावी.

तोवर संवाद लिहितानाच पळवाट काढायची. आपल्या नात्यांची नावं पाहा: बाबा, मामा, मावशी, भाऊ, वहिनी, सगळी ओठांवरची. बाहुलीने समोरच्याला दादा, नाना, तात्या, अक्का म्हणावं. तिचं नावही छगन, गणा, काशी असं सुटसुटीत ठेवावं. अर्धवटराव, आवडाबाई या नावांत व आणि ब ठासून भरलेत. ती उस्तादांना शोभतात. शब्द टाळताच येत नसेल तर तो आधी आपण आपल्या तोंडाने स्वच्छ म्हणायचा. ‘भरीत खाणार?’ असं माणसाने विचारलं की बाहुलीचं ‘धरीत? हां, दे!’ लोकांना ‘भरीत’च ऐकू येतं, कारण शब्द कानात आधीच बसलेला असतो.

बाहुलीला अहिराणी, म्हणजे खान्देशची बोली, बोलायला लावली तर आणखी सोपं. ‘काय करी राहिना?’, ‘कथा जाई राहिना?’ (कुठे चाललास?) यांत ओठ लागत नाहीत. शिवाय माणूस प्रमाण मराठीत आणि बाहुली अहिराणीत बोलली की दोन आवाज वेगळे आहेत हे पटवायला गळ्यावर जोर द्यावा लागत नाही. पुस्तिका बाहुलीला एकदम बारीक, चिरका आवाज द्यायला सांगते. नको. आपल्या आवाजापेक्षा थोडा वर, थोडा नाकात आणि वेगात फरक, एवढं बस. घसा खवखवला तर त्या दिवशी थांबायचं.

आता बाहुली. कापड चांगलं, शिलाई ठीक, डोक्यातला फोम बऱ्यापैकी घट्ट. घोळ तोंडात आहे. आतला पुठ्ठा पातळ, त्यामुळे आठवड्याभरात तो मध्येच दुमडतो आणि तोंड पूर्ण मिटत नाही. गप्प असलेल्या बाहुलीचं तोंड उघडं राहिलं की खेळ संपला. शिवाय पुठ्ठा गरम गोंदाने चिकटवलाय. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाहुली ठेवाल तर तो मऊ पडून तोंड सुटून येणार, हे धरूनच चाला.

दुरुस्ती शंभर रुपयांच्या आत होते. तीन मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डचे (बॅनरवाले वापरतात तो हलका, कडक फोमचा बोर्ड) दोन अर्धगोल कापा, वरचा टाळू आणि खालचा जबडा. दोन्ही सरळ कडा समोरासमोर ठेवून मध्ये सहा-सात मिलिमीटर फट सोडा आणि दोन्ही बाजूंनी वहीच्या बांधणीचं कापड चिकटवा, ही बिजागरी. फट सोडली नाही तर तोंड उघडतं, पण मिटताना अडतं. आत इंचभर रुंद इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या शिवा, खाली अंगठ्यासाठी, वर चार बोटांसाठी. मूळ बाहुलीत त्या नाहीतच, म्हणून बोलताना हात घसरतो. फोमला चिकटवायला रबर सोल्यूशन दोन्हीकडे लावून बोटाला चिकचिक लागेपर्यंत वाळू द्यावं, मगच दाबावं. कडक उन्हाळ्यात ते पटकन वाळतं, तेव्हा एकेका बाजूचं काम करा. इलॅस्टिक नि कापड जळगावच्या फुले मार्केटमध्ये मिळून जातं, सनबोर्ड कुठल्याही बॅनरवाल्याकडे.

डोळेही तपासा. बुबुळं जरा बाहेरच्या बाजूला छापलीत, त्यामुळे बाहुली कुणाकडेच बघत नाही असं वाटतं. त्यावर काळी गोल टिकली नाकाच्या बाजूला किंचित सरकवून लावा, कुणाला तरी सहा फुटांवर उभं करा आणि ‘माझ्याकडे बघते’ असं तो म्हणेपर्यंत हलवत राहा. बारा रुपयांच्या टिकलीच्या पाकिटाने बाहुलीची किंमत दुप्पट दिसते.

तोंड हलवताना अंगठा खाली गेला पाहिजे; वरची बोटं उचलली की प्रत्येक शब्दाला डोकं मागे पडतं. आणि लिहिलेलं अक्षर नव्हे, बोललेला ठोका मोजा. ‘अमळनेर’ लिहिताना पाच अक्षरं, बोलताना अ-मळ-नेर, म्हणून तोंड तीनदाच उघडायचं. ‘जळगाव’ला दोनदा. प्रत्येक अक्षराला उघडणारे नवशिके बाहुलीला बदक करून टाकतात. ‘आवाज फेकणं’ असं म्हणतात, पण आवाज कुठेही ‘फेकला’ जात नाही. लोकांचे डोळे हलत्या तोंडाकडे जातात आणि कान त्यांच्यामागे. बाहुली बोलताना तुम्ही तिच्याकडे ऐकल्यासारखं पाहिलं नाही, तर लोक तुमच्या ओठांकडे पाहतील.

सराव रोज पंधरा मिनिटं, पहिले तीन आठवडे बाहुलीशिवाय, आरशासमोर. नंतर मोबाइल सहा-सात फुटांवर ठेवून चित्रण. आरशात आपण नकळत स्वतःला सूट देतो, चित्रणात गळ्याचं हलणंही दिसतं.

काही विक्रेते संचाबरोबर तोंडात ठेवायची पिपाणीही देतात. कठपुतळीवाले वापरतात त्या ‘बोली’चा तो नमुना, त्याचा शब्दभ्रमाशी संबंध नाही आणि लहान मूल ती गिळू शकतं. फेकून द्या.

गुण द्यायचे तर बाहुलीला पाचापैकी तीन, पुस्तिकेला एक, तोही छपाईसाठी. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला ही जड आणि मोठी पडते. तोंड बदलण्याची तयारी नसेल तर तूर्त घेऊच नका. जुन्या मोज्याला दोन बटणं शिवून पहिला महिना सहज निघतो. घेतलीच तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हात घालून तोंड शंभरदा उघडमीट करून बघा, पुठ्ठा दुमडायचा असेल तर तेवढ्यात कळतं.