सेरेब्रल पाल्सी आणि चालण्याचे व्यायाम : सांगलीतलं एक सेंटर, पाचपैकी चार तारे

मालिश करून घ्यायची असेल तर या सेंटरला येऊ नका. तेलाची बाटली इथे दिसायची नाही. पोराला गादीवर आडवं टाकून कोणीतरी अर्धा तास पाय ओढून देईल आणि आपण बाहेर पेपर वाचत बसू, असंही चालत नाही. मी पेपर नेला होता. इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तो बाजूला ठेवायला लावला आणि माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो, तासगावला असतो. मुलगा आणि सूनबाई द्राक्षबागेत, त्यामुळे नातीला सांगलीला आणायचं काम माझ्याकडे. नात आठ वर्षांची. तिसाव्या आठवड्यातच जन्मली, पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होती. पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाली आणि तोल बिघडतो त्या आजाराचं निदान झालं, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया. हात बऱ्यापैकी चालतात, तोंडाला तर लगामच नाही, पण दोन्ही पायांचे स्नायू कडक. टाच टेकायची नाही, चालताना गुडघ्याला गुडघा घासायचा.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जायचो. तिथले सर मनापासून करायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पाय ताणायचे, वाकवायचे, फिरवायचे, पंख्याखाली घामाघूम व्हायचे. आणि आमची पोरगी छताकडे बघत गाणी म्हणायची. गाडी रोज पिटवर घ्यायची, ग्रीस भरायचं आणि रस्त्यावर काढायचीच नाही, तसला तो प्रकार. इथे घाम पोरीला येतो.

पहिल्या दिवशी दीड तास गेला आणि त्यात व्यायाम काहीच नव्हता. मॅडमनी मला नाही, तिला विचारलं, "तुला काय करायचंय?" मला वाटलं आता ही 'डॉक्टर व्हायचंय' म्हणणार. ती म्हणाली, "मधल्या सुट्टीत नळावर जायचंय. कोणी उचलून न्यायचं नाही." वर्गापासून नळ किती लांब, मध्ये उंबरा आहे का, पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला, सगळं विचारून वहीत मराठीत लिहिलं. मग जमिनीवर दहा मीटरची पट्टी मारलेली आहे, त्यावर वेळ मोजली. सहा मिनिटांत किती अंतर कापते ते मोजलं. उभं राहणं, एका पायावर तोल, पायरी चढणं यांची गुणांची एक लांबलचक तपासणी असते, तीही केली. चालतानाचा व्हिडिओ समोरून आणि बाजूने काढला. मला हे आवडलं. वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नव्हतो.

नंतर त्यांनी लेव्हल सांगितली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींसाठी पाच पातळ्या ठरवल्या. पहिलीतलं मूल बिनआधाराने चालतं, पळतंही. पाचवीतल्या मुलाला मानेचा तोल सांभाळणंसुद्धा अवघड. आमची तिसरीत, म्हणजे वॉकर किंवा काठी घेऊन चालणारी. मी विचारलं, तिसरीची पहिली कधी होईल? मॅडम म्हणाल्या, "आजोबा, पातळी सहसा बदलत नाही. तिसरीतल्या मुलांची जी मूळ क्षमता असते, तिचा मोठा भाग चार वर्षांच्या आतच आलेला असतो. उलट पुढे उंची आणि वजन वाढतं तशी यातल्या काही मुलांचं चालणं कमी होतं. आपण वेग, दम आणि रोजची कामं वाढवायची, आणि आहे ते टिकवायचं." सूनबाईला हे ऐकून रडू आलं. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्यावर विश्वास बसला. 'सहा महिन्यांत पळायला लावतो' असं सांगणारे आम्हाला भेटून झाले होते.

आता तासात काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला हा खेळच वाटतो. आधी ट्रेडमिल. छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधून वरच्या दांडीला अडकवतात, थोडं वजन पट्टा उचलतो. वेग अगदी मुंगीचा, मग आठवड्यागणिक वाढवतात आणि पट्ट्याची मदत कमी करतात. ट्रेडमिलवरून उतरल्या उतरल्या लगेच तेच चालणं जमिनीवर. हे 'लगेच'च महत्त्वाचं, यंत्रावरची चाल यंत्रावरच राहिली तर उपयोग काय? त्यानंतर बुटक्या स्टुलावरून उठणं-बसणं, अंगात वाळूच्या पुड्या घातलेलं जाकीट. मला भीती होती की कडक स्नायूंना असला व्यायाम दिला तर ते आणखी कडक होतील. पूर्वी डॉक्टरही तसं सांगत. मॅडम म्हणाल्या, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. हे स्नायू कडक असतात आणि कमजोरही असतात. पण नुसती ताकद वाढवून चाल सुधारत नाही, चालायला चालूनच शिकावं लागतं. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं फक्त 'नळाची': उंबऱ्याएवढी फळी ओलांडायची, दोन पायऱ्या, वळायचं, एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने बाटली भरायची. बाटली भरताना पहिल्यांदा सगळं पाणी माझ्या चपलेवर.

भिंतीवर एक तक्ता लावलाय. आयोना नोवाक म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांना सिग्नलचे रंग दिले: हिरवा, पिवळा, लाल. ध्येय ठरवून केलेला सराव आणि घरी करायचा कार्यक्रम हिरव्यात. नुसतं हाताने ताणणं हिरव्यात नव्हतं. एवढी वर्षं आम्ही ज्यासाठी पैसे मोजले ते कुठल्या रंगात आहे हे पाहून मी गप्प बसलो. असा तक्ता प्रत्येक ठिकाणी लावायला हवा, रेटकार्डाच्या शेजारी.

घरचा कार्यक्रम हा या सेंटरचा अर्धा भाग समजा. आठवड्यातून दोन दिवस इथे येऊन काही होत नाही, बाकीचे दिवस घरी करावं लागतं, आणि करतोय की नाही हे वहीवरून त्यांना लगेच कळतं. पण अडचणही समजून घेतात. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी मोकळं नसतं. तेव्हा त्यांनी वेगळे व्यायाम बंद करून रोजच्या कामांतच सराव बसवून दिला: अंघोळीला वॉकरवर चालत जायचं, जेवायला पाटाऐवजी स्टुलावर बसून स्वतः उठायचं, आजीला लसूण आणून द्यायचा. आजीला दिवसभर लसूणच लागायला लागला.

वॉकरबद्दल एक माहिती, इतर आजी-आजोबांना उपयोगी पडेल. आमच्याकडे पुढे ढकलायचा वॉकर होता, त्यावर ती ओणवी होऊन चालायची. इथे मागे ओढायचा दिला. चौकट पाठीमागे, पोर पुढे मोकळं. त्याने पाठ बरीच सरळ झाली. पायातला एएफओ, म्हणजे घोट्याला सरळ धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, घोट्यात बिजागरी असलेला करून घेतला. तो बनवणारे शनिवारी येतात. काम चांगलं, रिव्हेट व्यवस्थित बसवलेले, मी तपासले. पहिल्या आठवड्यात आतल्या हाडावर लाल वळ आला. एएफओ काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तसाच घालत राहायचा नाही, त्यांनी प्लास्टिक गरम करून तेवढी जागा फुगवून दिली. वेगळे पैसे घेतले नाहीत.

पोटरीत बोटॉक्सचं, म्हणजे कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन देण्याबद्दल विचारलं, तर स्वतः काही ठरवलं नाही, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो आणि त्या दिवसांत व्यायाम जोरात करायचा असतो, एवढं समजावून सांगितलं. खुब्याचा एक्स-रे मात्र आग्रहाने काढायला लावला. या मुलांचा खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आमचा ठीक निघाला.

फरक किती पडला? पातळी तिसरीच आहे. वॉकर आहे. दहा मीटरला आधी ४१ सेकंद लागायचे, आता २६ लागतात. एका हाताने कठडा धरून दोन पायऱ्या चढते. उतरताना अजून कोणीतरी लागतं. आणि नळावर जाते. गुरुजींनी सांगितलं की घंटा झाली तरी तिथून हलत नाही, गप्पा मारत बसते.

मग एक तारा का कापला? सेंटर चालायला शिकवण्याचं, आणि दारातला रॅम्प चकचकीत फरशीचा, चढही नको तितका. पावसाळ्यात मी स्वतः घसरता घसरता वाचलो. स्वच्छतागृहाच्या दारातून वॉकर आत जात नाही. ट्रेडमिलचा पट्टा तुटला तेव्हा कितीतरी आठवडे मशीन झाकून ठेवलेलं होतं, 'पार्ट यायचाय' एवढंच उत्तर. नवीन शिकाऊ मुली येतात, पोर त्यांना रुळते आणि त्या निघून जातात. फी एका वेळेची ५०० रुपये, महिन्याचे आगाऊ भरले तर थोडी सूट, पण पोर तापाने पडली तर ते पैसे पुढे धरत नाहीत. हे बरोबर नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, ती मागाच. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचं विमाकवच आहे, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो, पण कागद लागतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढून ठेवा. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्रात, चौकशी करावी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पैसे पडत नाहीत. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत तिला ७५ टक्के सवलत, मला ज्येष्ठ म्हणून अर्धी. दोघांचं मिळून पाऊण तिकीट होतं.

आणखी एक. वेटिंगच्या बाकावर बसलं की कोणीतरी स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराचा विषय काढतंच. आमच्या एका पाहुण्यांनी तर त्यासाठी अर्धा एकर विकायचा सल्ला दिला. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा अजून प्रयोग आहे, आणि प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. मॅडमनीही हेच सांगितलं, आणि त्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

सकाळी अकराच्या आधीची वेळ मागा, नंतर जागा कमी आणि पोरं जास्त होतात. शनिवारी एएफओवाल्यांची गर्दी असते. रॅम्पचं मी मालकांना तीनदा सांगितलंय: खरखरीत पट्ट्या आणा, ड्रिल माझं, मजुरी नको. 'बघू' म्हणालेत.