योपॉनचा चहा : काही महिने रोज प्यायल्यावर

आधी निकाल सांगते. सकाळचा आलं घातलेला दुधाचा चहा यानं सुटलेला नाही, सुटणारही नाही. दुपारी चारचा मात्र सुटला. मी ह्यूस्टनमध्ये राहते आणि गेल्या उन्हाळ्यापासून दुपारी योपॉन पितेय. ज्यांना चहाची तल्लफ येते, पण दुसऱ्या कपानंतर पित्त खवळतं, त्यांनी पुढचं वाचावं.

योपॉन हे हॉलीच्या, म्हणजे नाताळच्या सजावटीत दिसणाऱ्या लाल फळांच्या झाडाच्या, कुळातलं सदाहरित झुडूप. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंत आणि इकडे टेक्सासपर्यंत आपसूक उगवतं. दक्षिण अमेरिकेत पानं उकळून पितात तो माटे याचाच भाऊबंद. पानांत कॅफीन आहे, थोडं कोकोतलं थिओब्रोमिनही. चहाला तुरट-कडू करणारं टॅनिन मात्र चहाच्या मानानं फारच कमी, आणि खरी मजा तिथेच आहे. पानं पाण्यात विसरली तरी कडू होत नाहीत. मी दहा मिनिटं ठेवते, कधी सरळ उकळते. तोंड कोरडं पडत नाही, रिकाम्या पोटीही जळजळ नाही. निदान मला तरी नाही.

शास्त्रीय नाव आयलेक्स व्होमिटोरिया, म्हणजे उलटी करवणारं. ते वाचून आमच्या सासूबाईंनी कप बाजूलाच सारला होता. यानं उलटी होत नाही. इथले मूळ रहिवासी शुद्धीच्या विधीत याचा काळा काढा भरपूर पिऊन मुद्दाम उलटी काढायचे. ते पाहून युरोपियनांनी ठपका पानांवर ठेवला आणि १७८९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम एटन यांनी तेच नाव छापून कायमचं केलं. एवढ्या सौम्य पेयाला इतकं बदनाम नाव दुसरं नसेल. वास्तविक त्याचा मान मोठा होता. सेंट लुईसजवळच्या काहोकिया या मूळ रहिवाशांच्या जुन्या नगरातल्या मातीच्या पेल्यांत हॉलीच्या पेयाचे अंश मिळाले आहेत, आणि तिथे हे झुडूप मुळात उगवत नाही. म्हणजे पानं लांबून मागवली जात. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदरांची नाकेबंदी झाली, कॉफी-चहा मिळेना, तेव्हा दक्षिणेतल्या लोकांनी पुन्हा हीच पानं उकळली.

चवीचं म्हणाल तर हिरवं आणि भाजलेलं असे दोन प्रकार मिळतात. हिरवं मला गवताळ लागलं, अर्धं पाकीट अजून डब्यात आहे. भाजलेलं घ्या, तेही गडद. त्याला भाजलेल्या सातूसारखा खमंग वास येतो आणि शेवटी किंचित गोडी राहते. दूध घातलंत तर सगळं सपाट होतं. साखर लागतच नाही. गवती चहाची दोन पाती घातली तर झकास. उन्हाळ्यात बर्फ आणि लिंबू. पाण्यात बुडवायच्या पुड्या घेऊ नका. मी घेतलेल्या पुड्यांत नुसता भुगा होता, दोन टाकल्या तरी पाण्याला रंग येईना. सुटी पानं महाग पडतात, पण तीच पानं दुसऱ्यांदा उकळता येतात.

आणि हो, फुकटचा मार्ग. इथल्या निम्म्या घरांसमोर छाटून गोल केलेली जी झुडपं असतात, त्यांत बुटका योपॉन पुष्कळदा असतो. माळी छाटून कचऱ्यात टाकतो ती कॅफीनची पानं! पण ओळख पक्की हवी. योपॉनची पानं लहान, कडेला बारीक गोलसर दाते, आणि फांदीवर एकाआड एक लागलेली. चायनीज प्रिव्हेट हे दुसरं झुडूप लांबून तसंच दिसतं, पण त्याची पानं समोरासमोर असतात आणि कड गुळगुळीत. मादी झाडांना लाल फळं धरतात. ती पक्ष्यांची, आपण खायची नाहीत. औषध फवारलेल्या कुंपणाला हात लावू नका.

आमच्या मागच्या अंगणातल्या झुडपाची पानं मी धुऊन, पंख्याखाली वाळवून लोखंडी कढईत मंद आचेवर परतते. आधी हिरवट वाफ येते, मग पानं चुरचुरायला लागतात आणि कडा तांबूस होतात. तपकिरी रंग सगळीकडे सारखा आला की लगेच ताटात काढायची, कारण कढई गरम असते आणि पानं क्षणात करपतात. विकतच्याइतकी एकसारखी भाजली जात नाहीत, पण वास जास्त ताजा.

झोपेचं एवढंच : कॅफीन आहे ते आहे. संध्याकाळी सहानंतर प्यायले की मी बारापर्यंत टक्क जागी. कॉफीसारखी छातीत धडधड मात्र होत नाही. पुढचं पाकीट गडद भाजणीचंच मागवलंय, मोठं.