फिलामेंट एक्स्ट्रुडरचं किट मागवलं ऑनलाइन, मशीन खरी झाली जालन्याच्या लेथवर

किटला पाचपैकी दोन स्टार, लेथवाल्या चाचांना पाच. कामून ते सांगतो, जरा लांबेल.

माझं जालन्यात मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत दोन थ्रीडी प्रिंटर टाकलेत. ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या, फवारणी पंपाचे तुटलेले नॉब, मिक्सरची कपलिंग असली बारकी कामं येतात, आणि सोयाबीनच्या सीझनला नॉबवाले गिऱ्हाईक तर दुकान उघडायच्या आधी शटरपाशी उभे. फिलामेंटचा, म्हणजे प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचा, किलोचा रोल मला हजाराच्या आसपास पडतो. त्यात वाळूजला मोल्डिंगच्या कंपनीत असलेला एक मित्र म्हणला, अरे आमच्याकडं एबीएस प्लास्टिकचा दाणा किलोला दोनशेच्या आत येतो, तू नुसती तार करायचे हजार कामून देतो? झालं, डोक्यात किडा शिरला. फेल गेलेल्या प्रिंटचं एक पोतंही कोपऱ्यात तसंच पडलेलं होतं, ते पण सारखं डोळ्यासमोर यायचं.

मग दाण्याची तार करणाऱ्या मशीनचं, म्हणजे एक्स्ट्रुडरचं किट मागवलं, साडेअकरा हजार. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही, उगं भांडण नको. बॉक्समध्ये निघालं ते असं: १६ एमएमचा स्क्रू, म्हणजे सुतार लाकडाला खोल भोक पाडायला वापरतात तो ऑगर बिटच, टोक आणि शेपूट कापलेला. मग बॅरलचा पाइप, पितळी नोझल, त्याच्यावर गुंडाळायचे दोन बँड हीटर, टेम्परेचर सांभाळणारा पीआयडी कंट्रोलर, हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे एसएसआर, टेम्परेचर मोजणारं थर्मोकपल, गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, दाणा ओतायचं पत्र्याचं हॉपर आणि झेरॉक्स मारलेलं दोन पानांचं मॅन्युअल, त्यातले फोटो इतके काळे आलेत की एक्स-रे बघायलोय असं वाटतं.

ज्यांना हे काय असतं माहीत नाही त्यांनी कुरडईचा सोऱ्या आठवा. चीक वरून भरायचा, दाबायचा, खालून तार. इथं चिकाच्या जागी प्लास्टिकचा दाणा आणि दट्ट्याच्या जागी फिरणारा स्क्रू. दाणा हॉपरमधून स्क्रूवर पडतो, स्क्रू त्याला पुढं रेटतो, पुढं बॅरल तापलेला असतो, पीएलए प्लास्टिक असलं तर १७०-१८० डिग्री, एबीएसला अजून थोडं जास्त, दाणा वितळतो आणि नोझलमधून तार होऊन बाहेर येतो. फरक एवढाच की कुरडई जाड-बारीक झाली तरी तळल्यावर सगळी सारखीच लागते, फिलामेंट मात्र १.७५ एमएम म्हणजे १.७५ पाहिजे, चांगल्या कंपनीचा रोल ०.०५ च्या वर इकडं-तिकडं जात नाही. पुढची सगळी रडकथा ह्या आकड्याची आहे.

ही कल्पना काय ह्या किटवाल्याची नाही बरं का. अमेरिकेत २०१२-१३ ला एक स्पर्धा झाली होती, दाण्यापासून फिलामेंट करणारं मशीन बनवा, सुटे भाग २५० डॉलरच्या आत बसले पाहिजेत, बक्षीस ४०,००० डॉलर. जिंकलं कुणी तर ह्यू लायमन नावाच्या ८३ वर्षांच्या रिटायर्ड आजोबांनी. आणि आजोबांनी डिझाइन सगळ्यांसाठी फुकट खुलं करून टाकलं. म्हणून किटवाल्यानं "आमचं संशोधन" असा स्टिकर चिकटवलेला बघून मला हसू आलं. कॉपी करा ना, आजोबांनी त्यासाठीच दिलंय, पण नीट तर करा.

आता नीट काय नव्हतं ते. जोडणी केली, हीटर चालू केला, बॅरलला हात लागला तर मुंग्या आल्या. टेस्टर लावला, बॅरलवर पेटला! प्लग दोन पिनांचा, अर्थिंगची वायरच नाही, आणि त्यावर २३० व्होल्टचे हीटर गुंडाळलेले. ह्या एका गोष्टीसाठीच मी एक स्टार कापला असता. तीन पिनांचा प्लग टाकला, बॅरलच्या क्लॅम्पला अर्थिंग घेतली, मगच पुढं गेलो. घरात लेकरं असतील तर हे पहिलं बघा. एसएसआरला उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक पण नव्हता, तो जुन्या ॲम्प्लिफायरचा काढून लावला.

पहिले दोन दिवस तार निघाली. जाड-बारीक, पण निघाली, मी लई खूश, बायकोला बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी टक्-टक्-टक् आवाज आणि स्क्रू थांबला. मोटर उघडली तर आतलं नायलॉनचं पांढरं गिअर एका बाजूनं कुरतडलेलं आणि ग्रीसमध्ये सगळा पांढरा भुगा. कारण काय, तर वितळलेलं प्लास्टिक मधासारखं नसतं, लई घट्ट असतं, स्क्रू त्याला जेवढ्या जोरानं पुढं रेटतो तेवढ्याच जोरानं ते स्क्रूला मागं ढकलतं. हा मागचा रेटा घ्यायला थ्रस्ट बेअरिंग लागतं, स्क्रूच्या शेपटीशी. किटमध्ये साधं बॉल बेअरिंग दिलेलं, ते आडवा भार घेतं, असा मागून बसणारा रेटा त्याच्या कामाचा नाही. मग सगळा रेटा गेला बिचाऱ्या वायपर मोटरवर, आणि ती तर काच पुसायला जन्मलेली.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर: वापरताना तुमची चूक झाली. परत लिहिलं, परत फोटो, शेवटी नवी मोटर पाठवली, हे मान्य करायला पाहिजे, पैसे नाही घेतले. पण बेअरिंग तेच राहिलं, म्हणजे तिसऱ्या दिवशी परत तेच होणार.

मग गेलो एमआयडीसीतल्या लेथवाल्या चाचांकडं. जालना सोन्याचा पालना म्हणतात, मला काय सोनं दिसलं नाही, पण लोखंड पाहिजे तेवढं आहे, रोलिंग मिलं आणि भंगाराच्या गोडाऊनचं गाव आपलं, अन् लेथवर हात बसलेली माणसं गल्लीगल्लीत. चाचांनी स्क्रू हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणले, "क्या बाबू, सेवैयाँ की मशीन बनारे क्या?" म्हणलं, तसंच समजा, प्लास्टिकच्या शेवया.

त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. स्क्रू लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये धरला, लेथ एकदम हळू फिरवली आणि खडूचा तुकडा टेकवला न टेकवला असा जवळ नेला. स्क्रू सरळ असता तर गोल सगळीकडं खडू लागला असता. लागला फक्त एका बाजूला, मध्यावर पांढरा ओरखडा. "टेढ़ा है." म्हणजे किटचा नवा कोरा स्क्रू वाकडाच आलेला. पितळी हातोडीनं दोन-तीन हलके ठोके, परत खडू, परत ठोका, सहा-सात वेळा, मग पांढरी रेघ पूर्ण गोल आली. मी वीस मिनिटं तोंड उघडं ठेवून उभा. मग बॅरलमध्ये माप घ्यायचा व्हर्नियर घातला, आतून १७ च्या जवळ. स्क्रू १६ चा आणि बॅरल १७ चा म्हणजे चारी बाजूनं अर्धा एमएम फट, वितळलेलं प्लास्टिक पुढं जायच्या ऐवजी त्या फटीतून मागं येणार. म्हणून तार कधी जाड कधी बारीक येत होती, आणि मी आपला टेम्परेचर कमी-जास्त करत बसलेलो!

चाचांनी सीमलेस पाइपचा नवा बॅरल केला, आतून १६.२ बोअर, पुढं नोझलसाठी आटे पाडले, दाणा पडायच्या खिडकीची आतली धार कानशीनं मोडली, स्क्रूची शेपटी १५ ला उतरवली आणि ५११०२ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग बसवायला चार बोल्टची बैठक करून दिली. हे बेअरिंग आतून १५, बाहेरून २८ आणि ९ एमएम जाड असतं, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सगळ्याचे घेतले अठराशे, वर दोनदा चहा पाजला. त्या दिवसापासून टक्-टक् बंद, मोटर तीच चालायलीय.

तरी मशीन एका झटक्यात लाइनीवर आली असं समजू नका.

मे महिन्यातली गोष्ट, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेलो, बाहेर ४२. हॉपरच्या गळ्यापर्यंत उष्णता चढली आणि दाणे तिथंच मऊ होऊन एकमेकांना चिकटले, गुळाच्या ढेपेगत. वर हॉपर भरलेलं, खाली स्क्रू रिकामा फिरायला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा गळ्यावर सोडला, मधे लाकडाची चकती घातली, तेव्हा मिटलं. किटमध्ये ना पंखा ना चकती.

आणि लाइट! दुपारी चारला गेली, चाळीस मिनिटांनी आली. तोवर बॅरलमधलं प्लास्टिक दगड झालेलं, आणि लाइट आल्या आल्या हीटर अन् मोटर दोन्ही एकदम चालू. स्क्रू जागेवर गच्च, कपलिंग घट्ट धरणारा बारका ग्रब स्क्रू तुटून उडाला तो अजून सापडला नाही. उपाय लई सोपा होता, कंट्रोलरमध्येच अलार्मचा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच असतो, त्यातून एक छोटा रिले चालवला आणि मोटरची वायर त्यावरून घेतली. आता ठरलेल्या टेम्परेचरच्या वर गेल्याशिवाय मोटर फिरतच नाही. हातभर वायरचं काम आहे, जिथं रोज लाइट जाते त्या देशात किट विकणाऱ्याला हे सुचू नये म्हणजे कमाल आहे.

दाणा ओला असला की नोझलपाशी बारीक फट-फट आवाज येतो आणि तारेत बुडबुडे दिसतात. एबीएस ८० डिग्रीला दोन-तीन तास वाळवायचं, पीएलए ५० च्या आसपास पण जास्त वेळ. मी हुशारी केली, फेल प्रिंटचे पीएलएचे तुकडे गच्चीवर पत्र्यावर टाकले, शेजारी आईच्या कुरडया वाळत होत्या. पीएलए ६० च्या जवळ मऊ पडतं आणि आपल्या उन्हात पत्रा त्याच्याही वर जातो, संध्याकाळी बघतो तर तुकड्यांची चिक्की. कुरडया मात्र छान वाळल्या. तसंही नॉबसाठी मी एबीएसच वापरतो, बांधावर दिवसभर उन्हात पडलेल्या पंपावर पीएलएचा नॉब टिकत नाही. एबीएसला वास येतो, खिडकी उघडी ठेवा. आणि पीव्हीसीचा पाइप कापून चुकूनही ह्यात टाकू नका, तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू निघतो, माणसालाही वाईट अन् लोखंडालाही.

दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो की पाण्याच्या बाटल्यांचं होतं का. होतं, पण त्याला हे मशीन नकोच. बाटलीची लांब पट्टी कापायची आणि गरम नोझलमधून ओढून काढायची, पट्टी गुंडाळून तार होते, स्क्रू-बिक्रू काही लागत नाही.

आता सगळ्यात मोठी तक्रार. जाहिरातीतल्या फोटोत चकचकीत गुंडाळलेला रोल आहे. किटमध्ये तार ओढायची आणि गुंडाळायची काहीच सोय नाही, आणि खरी जाडी तिथंच ठरते. नोझलमधून बाहेर पडल्यावर तार फुगते, मग ओढली की बारीक होते, म्हणून ओढ एकसारखी पाहिजे. मी सुरुवातीला मशीन कपाटावर ठेवून तार खाली जमिनीवर सोडली, तिच्याच वजनानं ताणली जायची. वहीत लिहून ठेवलंय, हातहातभर अंतरावर व्हर्नियर लावून: १.८१, १.७४, १.६६, १.७०, १.८८. दिसायला फरक बारीक आहे, पण १.७५ ची १.६५ झाली तर प्लास्टिक ११ टक्के कमी जातं, प्रिंटला भेगा पडतात. आणि १.९ च्या पुढं गेली की प्रिंटरच्या नळीत अडकते, नळीच आतून २ एमएमची असते. शेवटी भंगारातल्या कागदाच्या प्रिंटरचे दोन रबरी रोलर काढले, स्टेपर मोटर लावली, नोझलपुढं छोटा पंखा ठेवला आणि चाचांकडून १.६ चं भोक पाडून घेतलेलं नोझल बसवलं. आता वहीत १.७० ते १.७९ येतं. विकत घेतलेल्या रोलइतकं नाही, पण नॉबला चालतं. ट्रॉफीला अजून विकतचीच तार वापरतो.

वेग म्हणाल तर किटवाला तासाला अर्धा किलो लिहितो, मला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मिळतं, म्हणजे किलोला सहा-सात तास तिथंच बसायचं, मधून मधून व्हर्नियर लावत. खर्च सगळा धरून सतरा हजाराला टेकला. महिन्याला दोन रोल लागणाऱ्यानं ह्या नादाला लागू नये, पैसे निघायलाच वर्ष जाईल. मला महिन्याला सहा-सात लागतात आणि मला असल्या गोष्टी उघडून बघायची खाज आहे, म्हणून जमलं.

घ्यायचंच असेल तर अख्खं किट घेऊ नका. कंट्रोलर, एसएसआर, थर्मोकपल, बँड हीटर एवढंच सुटं मागवा, ते सामान ठीक निघालं माझं, आणि स्क्रू-बॅरल-बेअरिंग आपल्या गावच्या लेथवर समोर उभं राहून करून घ्या. लायमन आजोबांचं डिझाइन मोबाइलवर दाखवलं तरी त्यांना कळतं, चाचांना तर मोबाइलचीही गरज पडली नाही.

परवा तयार नॉब दाखवायला गेलो होतो त्यांच्याकडं. नॉब बाजूला ठेवला आणि म्हणले, ईदच्या आधी नोझलच्या जागी बारीक भोकांची चकती बसवून देतो, शेवया काढून बघू. म्हणलं चाचा, त्या बॅरलातून तीन महिने एबीएस गेलंय, शेवयांसाठी दुसरा करा. हसले, आणि खरंच रॅकवरून पाइपचा तुकडा काढून मापायला लागले.