शून्य टीडीएसचे पाणी आणि शेवाळाचे औषध : माझी झालेली फसवणूक

माझा मुलगा गेल्या वर्षी जुलैत शिक्षणासाठी बंगळूरला गेला आणि त्याने चार वर्षे जिवापाड जपलेली खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या स्वाधीन झाली. विलेपार्ल्याच्या आमच्या घरात ही चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आहे. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. तीत क्लाउन माशांची जोडी, एक क्लीनर कोळंबी, दहाबारा गोगलगायी आणि खडकांवर वाढणारी मऊ पोवळी होती. लहानपणी वडिलांचे बोट धरून मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी राहिलेली मी, त्यामुळे या जबाबदारीचा मला आनंदच झाला. मात्र क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट हे सारे मला नवीन होते. म्हणून एका दुकानदाराच्या शिफारशीवरून मी टाकीची देखभाल करणारा एक माणूस लावला. त्याचे किंवा दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण मला सांगायची आहे ती फसवणुकीची पद्धत.

त्याचे महिन्याचे दोन हजार रुपये ठरले. पाणी मात्र वेगळे. समुद्री टाकीत नळाचे पाणी चालत नाही, आर.ओ. आणि त्यानंतर उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डी.आय. रेझिनमधून गाळलेले, शून्य टीडीएसचेच, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेले पाणी लागते, असे त्याने सांगितले आणि ते अगदी खरे होते. फसवणारा माणूस दहातल्या नऊ गोष्टी खऱ्या सांगतो, हे मला नंतर कळले. वीस लिटरचा जार दीडशे रुपयांना, आठवड्याला तीन जार. दर वेळी जार उघडून तो खिशातला टीडीएस मोजण्याचा पेन पाण्यात बुडवी आणि माझ्यासमोर धरून म्हणे, “काकू, बघा, शून्य.” पडद्यावर खरोखरच शून्य दिसे. मी समाधानाने मान डोलावत असे.

गणपतीच्या सुमारास खडकांवर हिरवी लव दिसू लागली. दिवाळीपर्यंत तिचे लांब, केसांसारखे झुबके झाले आणि पंपाच्या प्रवाहात ते डोलू लागले. एका पोवळ्याच्या वसाहतीला त्यांनी इतके वेढले की त्याची तोंडे उघडेनाशी झाली. मी रोज संध्याकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने ते ओढून काढी, आणि चार दिवसांत ते पुन्हा तितकेच वाढलेले असे. शेवाळ ज्यावर पोसते त्या फॉस्फेटची चाचणी त्या माणसाने माझ्यासमोर केली, ती शून्य आली. “पाण्यात दोष नाही काकू, शेवाळाचे बीज खडकातच बसले आहे, औषधाशिवाय जाणार नाही,” असे त्याने ठामपणे सांगितले. टाकीत शेवाळ माजलेले असताना चाचणीत फॉस्फेट शून्य येणे मुळीच आश्चर्याचे नसते. पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळच लगोलग शोषून घेते, त्यामुळे नळीत मोजायला काही उरत नाही. तो शून्याचा आकडा पाणी शुद्ध असल्याचा पुरावा नव्हता, हे मला त्या वेळी ठाऊक असते तर पुढचे टळले असते.

औषधाची बाटली अडीचशे मिलिलिटरची, बावीसशे रुपयांची, आणि त्याच्या मते दोन लागणार होत्या. बाटलीवर रंगीत पोवळ्यांचे चित्र आणि ‘रीफ सेफ, कॉपर फ्री’ (पोवळ्यांना निर्धोक, तांबे नसलेले) अशी ठळक अक्षरे होती. मात्र उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीच छापलेले नव्हते. 2011च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे हे सारे छापणे बंधनकारक आहे. घटकद्रव्यांचा तर मागमूस नव्हता. द्रव फिकट निळा होता. मी तो रंग पाहिला, आणि तरी विचारले नाही.

फेब्रुवारीत त्याने पहिली मात्रा घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी, मी पोळ्या करायला उठले तेव्हा टाकीचा निळा दिवा लागायचा होता. मोबाइलच्या उजेडात पाहिले तर क्लीनर कोळंबी खडकाच्या कपारीत आडवी पडली होती, तिच्या लांब पांढऱ्या मिशा प्रवाहात हलत होत्या आणि मागचे बारीक पाय मधूनच थरथरत होते. ही कोळंबी माझ्या हातावर चढून नखे साफ करीत असे. दहाच्या सुमारास तिची हालचाल थांबली. मी फोन केला तेव्हा “शेवाळ मरताना ऑक्सिजन कमी होतो, दोनचार जीव जातातच” असे उत्तर मिळाले. यातही अर्धसत्य होते, कारण मोठ्या प्रमाणावर मरणारे शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढतेच. पण ऑक्सिजन कमी झाला असता तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले असते. मासे तर निवांत पोहत होते आणि ज्यांना पाठीचा कणा नाही तेवढेच जीव मेले होते.

हा शेवटचा मुद्दा मुलाने फोनवर ऐकताच पकडला आणि त्याला औषधात तांबे असल्याचा संशय आला. तांबे माशांना एका मर्यादेपर्यंत सोसते. म्हणून तर परजीवी झालेल्या माशांना वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचे औषध देतात. कोळंबी, गोगलगाय आणि पोवळी यांना मात्र त्याचा अंशही विष ठरतो. मुलगा शनिवारी घरी आला आणि येताना क्रॉफर्ड मार्केटमधून तांब्याची चाचणी आणि नवा टीडीएस पेन घेऊन आला. चाचणीच्या नळीचा रंग तक्त्यावरील 0.25च्या चौकोनाशी जुळला, म्हणजे पाण्यात तांबे होते. मग त्याने शिल्लक जारमध्ये पेन बुडवला, तर आकडा आला 81. स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी 83. मला वाटले, नवा पेनच बिघडलेला आहे. त्याने खालच्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शनसाठी वापरतात त्या निर्जंतुक पाण्याच्या दोन कुप्या आणल्या आणि त्या वाटीत ओतून मोजल्या. आकडा आला 1. पेन ठणठणीत होता. आठ महिने मी दीडशे रुपये जारप्रमाणे महापालिकेचेच पाणी विकत घेत होते.

मग त्या देखभाल करणाऱ्या माणसाच्या पेनवर शून्य कसे दिसे? पुढच्या मंगळवारी तो आला तेव्हा मी पेन पाहायला मागितला आणि चष्मा लावून जवळून पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात, शून्याच्या अंकाहून कितीतरी लहान अक्षरांत, ‘होल्ड’ असा शब्द होता. या पेनांना आकडा गोठवून ठेवण्याचे बटण असते. कोरड्या हवेत पेन शून्य दाखवतो. त्याच क्षणी ते बटण दाबले की नंतर पेन कशातही बुडवला तरी शून्यच दिसते. मी त्याला पेन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. “सेल गेलाय काकू,” एवढेच म्हणून तो उठला आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. जाण्यापूर्वी, तांबे शोषलेला खडक बदलून समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ आणून देण्याची तयारीही त्याने दाखवली होती. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण पोवळ्यांना संरक्षण आहे, त्यामुळे असा व्यवहार करणारा ग्राहकही अडचणीत येऊ शकतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

नळाच्या पाण्याने नेमके काय केले, तेही सांगते. मुंबईच्या हवेत पंखे लावलेल्या या टाकीतून रोज सुमारे साडेतीन लिटर पाणी उडून जाते. वाफ होते ती केवळ पाण्याची. त्यात विरघळलेले सारे टाकीतच राहते. आठ महिन्यांत आठशे लिटरांहून अधिक पाणी, म्हणजे टाकीच्या तिपटीहून जास्त, मी भर म्हणून ओतले आणि त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट जे काही असेल ते साठत गेले. पेन एकूण क्षार दाखवतो, त्यात काय आहे ते सांगत नाही, म्हणून सारा दोष मी पाण्यावरच टाकणार नाही. गोठवलेले खाद्य मी गरजेपेक्षा जास्त देत होते, आणि फिल्टरमधला स्पंज तो माणूस महिनामहिना धूत नव्हता.

जारचे पंधरा हजार तीनशे, देखभालीचे सोळा हजार आणि बाटल्यांचे चार हजार चारशे, असे एकूण पस्तीस हजार सातशे रुपये गेले. सारे रोखीने दिले आणि एकही पावती घेतली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. माझ्याजवळ पुरावा म्हणून त्याचे व्हॉट्सॲपवरचे ‘झिरो टीडीएस गॅरंटी’चे संदेश आणि अर्धी उरलेली दुसरी बाटली एवढेच आहे. बाटली मी फेकली नाही, आणि कोणीही फेकू नये.

आता घरी स्वतःचे आर.ओ.-डी.आय. यंत्र आहे आणि डी.आय. रेझिननंतरचे पाणी मी दर वेळी स्वतः, पेन बंद करून पुन्हा सुरू करून मोजते. शेवाळ हाताने उपटले, खाद्य निम्मे केले, फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे एका लहान रिॲक्टरमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात लावले आणि मागच्या कप्प्यात दिव्याखाली चिटोमॉर्फा हा समुद्री शेवाळाचाच एक निरुपद्रवी प्रकार वाढवला. पोषकद्रव्ये त्याने खावीत, खडकावरच्या शेवाळाने नव्हे, असा त्यामागचा हिशेब. अकरा आठवड्यांनी खडकाचा जांभळा रंग पुन्हा दिसू लागला आहे. तांब्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, धातू शोषणारे रेझिन आणि वारंवार पाणीबदल चालू आहेत. तरीही चुनखडीच्या खडकात आणि वाळूत मुरलेले तांबे हळूहळू बाहेर येत राहते. गेल्या रविवारी नळीत अजून फिकट छटा होती, म्हणून नवी कोळंबी मी आणलेली नाही.