टायटॅनियमच्या नावाखाली जस्ती पत्रा: ट्रेकच्या चुलीत झालेली फसवणूक

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या शब्दावर विसंबून आमच्या गटातल्या आणखी पाच जणांनी काटक्यांवर चालणाऱ्या, सॅकमध्ये मावणाऱ्या सहा चुली मागवल्या. प्रत्येकी २,४५० रुपये, म्हणजे एकूण १४,७०० रुपये. टायटॅनियमच्या म्हणून विकलेल्या या चुली जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्याच्या निघाल्या. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातली पुष्कळ मुले आता डोंगरात मुक्कामाला जाऊ लागली आहेत आणि अशाच जाहिराती त्यांच्याही मोबाइलवर येत असणार, म्हणून झाले ते सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला अशी चूल हवी होती याचे कारण साधे होते. छोट्या गॅसच्या डब्या आमच्याकडे सहज मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग पडतात आणि रिकामी डबी पुन्हा ओझे करून परत आणावी लागते. काटक्यांच्या चुलीला मात्र बोटाएवढी वाळकी लाकडे पुरतात. चांगल्या चुलीला दोन भिंती असतात. खालच्या भोकांतून हवा आत शिरते, त्यातली काही थेट निखाऱ्यांना मिळते आणि उरलेली दोन भिंतींमधून वर चढताना तापून आतल्या भिंतीच्या वरच्या भोकांतून जाळावर येते. त्यामुळे लाकडातून निघालेला धूरच वर पेट घेतो, काजळी कमी धरते आणि थोड्या लाकडात पाणी उकळते. हे सगळे मी वाचलेले होते, आणि नेमके त्याच माहितीच्या जोरावर विक्रेत्याने मला पटवले.

समाजमाध्यमावरच्या त्या पानावर सगळा मजकूर मराठीत होता. आपण कोल्हापूरचे असल्याचे विक्रेता सांगत असे. मी बेळगावहून बोलतोय म्हटल्यावर त्याचा सूर एकदम बदलला. ‘सीमाभागातल्या आपल्या माणसांसाठी’ तीनशे रुपये सवलत द्यायला तो लगेच तयार झाला आणि तुम्ही लोक तिथे मराठी टिकवून आहात, तुमच्याकडून नफा काय घ्यायचा, असेही म्हणाला. ज्यांचे आयुष्य या भागात गेले आहे, त्यांना अशा वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. पलीकडून कोणी आपुलकीने विचारपूस केली की आमचे मन लगेच सैल होते. बिलावर पत्ता आहे का, जीएसटी क्रमांक खरा आहे का, हे दुसऱ्या कुणाला मी नक्की विचारले असते. त्याला विचारले नाही, आणि पूर्ण रक्कम आगाऊ यूपीआयने पाठवून मोकळा झालो.

आठवड्याभरात खोकी आली. चुली चकचकीत दिसत होत्या. जाहिरातीत वजन २५५ ग्रॅम लिहिले होते आणि हातात घेतल्यावर चूल थोडी जड लागली, पण घरात तराजू असूनही मी ती त्यावर ठेवली नाही. तराजूवर ठेवली असती तर काटा ४१८ ग्रॅमवर गेला असता आणि पुढचे सगळे तिथेच थांबले असते.

पहिला वापर कणकुंबीजवळ केला. भीमगड अभयारण्यात आणि राखीव जंगलात जाळ करायला मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे, म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या भात कापून मोकळ्या झालेल्या मालकीच्या शेतात, त्याला विचारून, बांधापासून दूर आम्ही मुक्काम केला होता. रात्री दव पडते म्हणून काटक्या दुपारीच गोळा करून झाकून ठेवल्या होत्या. सगळे रीतसर असूनही चूल धुमसत राहिली. अर्धा लिटर पाणी उकळायला पाऊण तास लागला आणि पातेल्याचे बूड डांबर लावल्यासारखे झाले. गटातला एक मुलगा बराच वेळ तोंड खाली घालून फुंकत बसला होता.

जाळ विझत आल्यावर मी बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. आतल्या भिंतीवर, निखाऱ्यांच्या वरच्या बाजूला, पिवळसर भुकटीचा थर धरला होता. लाकडाची राख असेल असे वाटले. पंधरा-वीस मिनिटांनी चूल गार झाल्यावर पुन्हा पाहिले, तर तोच थर पांढरा झाला होता. बोटाने पुसला तर खाली धातूचा करडा, खरबरीत पृष्ठभाग लागला. मला त्याचा अर्थ कळला नाही. फुंकणाऱ्या मुलाला मात्र मध्यरात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला धातूची चव येते असे तो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

परत आल्यावर चूल घेऊन उद्यमबागेत आप्पांकडे गेलो. आप्पा आमच्या गल्लीतले, चाळीस वर्षे पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या कामात काढलेले. त्यांनी न बोलता खिशातले लोहचुंबक काढून चुलीला लावले. ते टचकन चिकटले. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही. आप्पांनी लगेच हेही सांगितले की न चिकटले म्हणजे टायटॅनियमच, असे समजू नकोस, कारण चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही ते सहसा चिकटत नाही. मग मी त्यांना त्या भुकटीबद्दल सांगितले. ते ऐकताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. तापलेले असताना पिवळे आणि गार झाल्यावर पांढरे, हे जस्ताच्या भस्माचे लक्षण आहे, असे ते म्हणाले. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि लाकडाच्या जाळात आतली भिंत त्याच्या पुष्कळ पलीकडे तापते. जस्ती पत्रा वेल्डिंग करताना नवख्या कारागिराला त्या धुराने रात्री थंडीताप येतो, तोंड धातूसारखे लागते, आणि म्हणून आधी मुलामा घासून काढायचा व उघड्यावर काम करायचे, हे त्यांच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पैशांचे नुकसान सोसता येते. पण ज्या वस्तूवर माणसे तोंड खाली घालून फुंकर मारणार आणि अन्न शिजवणार, ती जस्ती पत्र्याची करून विकणाऱ्याला माझ्या मनात क्षमा नाही.

आप्पांनी रिव्हेट कापून दोन्ही भिंती वेगळ्या केल्या, तेव्हा दुसरी लबाडी उघडी पडली. आतल्या भिंतीच्या वरच्या बाजूची भोके, ज्यांतून तापलेली हवा जाळावर यायला हवी, ती भोके नव्हतीच. पत्र्यावर फक्त गोल ठसे मारलेले होते. आतून पाहणाऱ्याला काजळीत ते भोकासारखेच दिसत. चूल धुमसत का राहिली, याचे उत्तर तिथे मिळाले.

तरीही तक्रारीसाठी आकडे हवेत म्हणून शहापुरातल्या एका परिचित सराफांच्या काट्यावर आतली भिंत नेली. कोरडे वजन १८२ ग्रॅम भरले. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि तो तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरला. आधी हलवून त्याला चिकटलेले बुडबुडे काढून टाकले होते. काट्यावर २३.३ ग्रॅम आले. १८२ ला २३.३ ने भागले की ७.८ येतात, आणि ही लोखंडाची घनता आहे. टायटॅनियमची घनता साधारण ४.५ असते, म्हणजे तेवढ्याच वजनाचा तुकडा टायटॅनियमचा असता तर काट्यावर ४० ग्रॅमच्या आसपास दिसले असते. ही तपासणी ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा असलेल्या कुणालाही घरी करता येईल. भिंती न उघडता अख्खी चूल बुडवली तर मध्ये हवा अडकून आकडा चुकतो, एवढे लक्षात ठेवावे.

विक्रेत्याला हे सगळे छायाचित्रांसह पाठवले. आधी ‘दादा, बघतो’ असे उत्तर आले. मग माल तुमच्या खर्चाने परत पाठवा म्हणून त्याने एक पत्ता दिला. एक चूल पाठवली, तर पत्त्यावर असे कोणी नाही म्हणून कुरिअर परत आले. त्यानंतर त्याने माझा नंबरच बंद केला. तेव्हा कुठे मी खोके नीट पाहिले. वेष्टित मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि ग्राहकाने संपर्क कुठे करायचा हे छापणे बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर फक्त एक मोबाइल नंबर होता. बिलावरचा जीएसटी क्रमांक १३ अक्षरांचा होता. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. पैसे पाठवण्यापूर्वी यासाठी दोन मिनिटेही लागली नसती.

आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला, पण तोवर पैसे पाठवून दीड महिना उलटला होता. तिथे लवकर कळवले तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत खात्यात काही उरले नव्हते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात हवालदारांनी माझे म्हणणे मराठीत ऐकून कन्नडमध्ये लिहून घेतले आणि ते वाचून दाखवून समजावूनही दिले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, म्हणजे विक्रेता राज्याबाहेरचा असला तरी बेळगावातच दाद मागता येते. अडचण एकच आहे: नोटीस पाठवायला विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो, आणि आमच्याकडे आहे तो फक्त यूपीआयवर दिसलेले नाव आणि बंद झालेला मोबाइल नंबर.

पाचही जणांचे पैसे मी माझ्याकडून परत केले. त्यांनी नको म्हटले होते, पण त्यांनी विक्रेत्यावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला होता. चार चुली पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून आप्पांच्या दुकानात कापून भंगारात दिल्या. पाचवी उघडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आहे आणि तिच्यावरचे ते खोटे ठसे ज्याला हाताने चाचपून पाहायचे असतील त्याला मी दाखवीन. सहावी तिच्या खोक्यासकट, बिलासकट आणि परत आलेल्या कुरिअरच्या पावतीसकट पुरावा म्हणून बांधून ठेवली आहे.