चपटं कालव की पॅसिफिक कालव?

उत्तर समुद्रात कालवांचे खडक (एकमेकांना चिकटलेल्या कालवांचे ढिगारे) पुन्हा उभारायचे, तर कोणतं कालव निवडावं? पॅसिफिक कालव चिवट. १९६४ मध्ये कालवांच्या शेतीसाठी नेदरलँड्सला आणलं, पुढे वाडन समुद्रात (उत्तर समुद्राचा किनाऱ्यालगतचा उथळ भाग) शिनाण्यांच्या (शिंपल्यातल्या दुसऱ्या एका प्राण्याच्या) थरांवर त्याने आपणहून खडक रचले. पण बहुतेक भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच.

खोल तळ मूळच्या युरोपीय चपट्या कालवाचा. त्याची मादी अळ्या आठ-दहा दिवस स्वतःच्या शिंपल्यातच वाढवते, नंतरच पाण्यात सोडते. अळ्यांना चिकटायला कठीण पृष्ठभाग हवा. जाळी ओढून खरवडलेल्या तळावर तोच उरलेला नाही. शिवाय बोनामिया हा परजीवी चपट्याला मारतो, पॅसिफिकला फारसा छळत नाही.

तरी माझं मत चपट्यालाच. आधी रिकामे शिंपले टाकावेत, मग रोगमुक्त बीज (लहान कालवं) सोडावं. पॅसिफिकला बोलवावं लागत नाही.