नेक्स्ट जेन एटीपी फायनल्स: स्पर्धा कमी, प्रयोगशाळा जास्त

पुरुष टेनिसमधील उगवत्या खेळाडूंसाठी एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेने 2017 मध्ये मिलान येथे ‘नेक्स्ट जेन फायनल्स’ सुरू केली, तेव्हापासून मी ही स्पर्धा पुण्यात घरी बसून पाहत आलो आहे. त्यामुळे हे परीक्षण प्रत्यक्ष स्टेडियममध्ये बसलेल्याचे नव्हे, तर पडद्यासमोर जागरण करणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. हंगामातील कामगिरीवर निवडलेले आठ तरुण खेळाडू, त्यांचे दोन गट आणि प्रत्येक गटातील पहिले दोघे उपांत्य फेरीत, अशी तिची साधी रचना आहे. वयोमर्यादा प्रारंभी 21 वर्षांची होती, ती 2024 पासून 20 वर आली. पहिल्याच वर्षी ड्रॉच्या, म्हणजे कोण कोणत्या गटात हे ठरवण्याच्या, समारंभात मॉडेल्सना ज्या पद्धतीने वापरण्यात आले, त्याबद्दल आयोजकांना माफी मागावी लागली होती. सुदैवाने त्यानंतर चर्चा खेळाचीच राहिली.

या स्पर्धेचा खरा विषय म्हणजे तिचे नियम. सेट सहाऐवजी चार गेमचा असतो, 3-3 अशी बरोबरी झाली की टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा जादा गेम, होतो, आणि सामना पाचपैकी तीन सेट जिंकणाऱ्याचा असतो. ड्यूस, म्हणजे 40-40 अशी बरोबरी, झाल्यावर दोन गुणांच्या आघाडीची वाट न पाहता पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो, म्हणजे कोणताही गेम सात गुणांच्या पुढे जाऊच शकत नाही. टेनिस न पाहणाऱ्या माणसाला सोबत बसवायचे असेल, तर ही रचना सोयीची आहे, कारण दर चार-पाच मिनिटांनी काहीतरी घडते. मला मात्र त्यात एक उणीव सतत जाणवते. नेहमीच्या सेटमध्ये सर्व्हिस गमावलेला खेळाडू हळूहळू प्रतिस्पर्ध्याची लय ओळखतो, त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर दोन पावले पुढे सरकून उभा राहू लागतो आणि सेट परत खेचून आणतो. चार गेमच्या सेटमध्ये एक ब्रेक झाला, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा एक गेम गमावला, की या सगळ्याला अवसरच उरत नाही. पाच सेटांची तरतूद ही उणीव काही अंशी भरून काढते, हेही मान्य करायला हवे. 2024 च्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या जोआओ फोन्सेकाने लर्नर टिएनविरुद्ध पहिला सेट 2-4 असा गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला आणि पुढचे दोन 4-0, 4-2 असे जिंकले. त्या सामन्यात तरी छोट्या सेटांतूनही मोठ्या सामन्याचा चढउतार अनुभवायला मिळाला.

प्रयोगशाळा म्हणून या स्पर्धेला मी पूर्ण गुण देईन. पहिल्या वर्षापासून येथे लाइनमन नाहीत. चेंडू बाहेर गेल्याचा पुकारा यंत्र करते. 2025 पासून हीच पद्धत एटीपीच्या सर्व स्पर्धांत आली. येथे खेळाडू कानाला हेडफोन लावून प्रशिक्षकाशी बोलत, आणि ते संभाषण आपल्यालाही ऐकू येई; सामन्यादरम्यान सूचना देण्याची मुभा मुख्य सर्किटवर 2022 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर मिळाली. पण मला सर्वांत आवडलेला बदल अगदी किरकोळ वाटेल असा आहे. 2018 मध्ये कोर्टच्या मागे टॉवेल ठेवायला रॅक आली आणि घाम पुसायचा असेल तर खेळाडूने स्वतः चालत जाऊन टॉवेल घ्यावा, असे ठरले. तोवर घामाने भिजलेला टॉवेल बॉल बॉयच्या अंगावर फेकणे हे सर्रास चाले, आणि ते पाहताना मला नेहमी संकोच वाटे. पुढे करोनाच्या काळात हीच शिस्त सगळीकडे लागू झाली.

निवडीच्या बाबतीत स्पर्धेची नजर पारखी ठरली आहे. 2019 मध्ये जागतिक क्रमवारीत शंभराच्या आत नुकताच आलेला यानिक सिनर वाइल्ड कार्डवर, म्हणजे कामगिरीच्या निकषाबाहेरच्या खास प्रवेशावर, खेळला आणि जिंकला. 2021 चा विजेता कार्लोस अल्काराझ पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून जगात पहिला झाला. पहिला विजेता चुंग ह्योन मात्र दोनच महिन्यांनी जोकोविचला हरवून ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि नंतर दुखापतींत अडकत गेला.

2023 ते 2025 या काळात स्पर्धा सौदी अरेबियातील जेद्दा येथे भरली, आणि 2024 व 2025 मध्ये तर ती डिसेंबरच्या उत्तरार्धात झाली. ही वेळ मला पटत नाही. विश्रांतीच्या आणि नव्या हंगामाच्या तयारीच्या आठवड्यांत, जागतिक क्रमवारीचे गुण न देणाऱ्या स्पर्धेसाठी तरुण खेळाडूने शरीर का झिजवावे? बक्षिसाची रक्कम मोठी आहे, 2024 मध्ये ती एकूण 20 लाख डॉलरहून अधिक होती, पण 2025 मध्ये गतविजेता फोन्सेका खेळलाच नाही. त्या वर्षी टिएनने अलेक्झांडर ब्लॉक्सला 4-3, 4-2, 4-1 असे हरवून मागच्या वर्षीचे उपविजेतेपद पुसून काढले. सामना एकतर्फी होता आणि मी ज्या ॲपवर तो पाहत होतो, ते पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्येच दोनदा गोठले. पैसे भरूनही हीच तऱ्हा.

एकही भारतीय खेळाडू अद्याप या आठांत पोहोचलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये बालेवाडीत पंधरा वर्षांचा मानस धामणे महाराष्ट्र ओपनच्या मुख्य फेरीत खेळला होता. त्याचा जन्म 2007 चा आहे, त्यामुळे सध्याच्या वयोमर्यादेनुसार 2027 हे त्याच्यासाठी शेवटचे वर्ष असेल. त्याचे नाव आठांत आले, तर ॲपची वर्गणी मी पुन्हा भरेन आणि डिसेंबरबद्दलची तक्रारही तेवढ्यापुरती बाजूला ठेवीन.